घशाचा खाडा कोण भरणार?

दरवर्षी ५ सप्टेंबरला महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या गळ्यात हार घालतात. त्या गळ्याच्या आत काय चालले आहे, याची चौकशी मात्र कोणी करत नाही. शिक्षक म्हणजे गुरू, गुरू म्हणजे देव, आणि देवाला पगार लागत नाही, रजा लागत नाही, दवाखाना तर मुळीच लागत नाही. या असल्या पूजेचा मला मनापासून कंटाळा आला आहे. ज्याची पूजा करायची त्याची मजुरी बुडवायची, ही या देशातली जुनी रीत आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या पालीची. बीडहून सोलापूरकडे निघाले की बिंदुसरा तलावाजवळ, महामार्गाला लागून आमचे गाव आहे. माय आणि बा दोघांनीही आयुष्यभर ऊस तोडला. घरातली पहिली पदवीधर मी, पहिली एम.ए. मी, पहिली नेट पास मी. आणि गेली सात वर्षे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. आमच्या वस्तीत मला 'प्राध्यापक बाई' म्हणतात. मुकादमाच्या वहीत मायचे नाव जसे लागायचे, तसेच महाविद्यालयाच्या वहीत माझे नाव लागते, हे वस्तीला कसे सांगावे हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

मित्रांनो, हा लेख आवाजाबद्दल आहे. आपल्या चळवळीत 'आवाज' हा शब्द आपण रोज वापरतो. वंचितांचा आवाज, संविधानाचा आवाज, रस्त्यावरचा आवाज. मी मात्र आधी त्या साध्या आवाजाबद्दल लिहिते आहे, जो घशातून निघतो आणि ज्याच्यावर माझ्यासारख्या हजारोंचे पोट चालते. तो बसला की भाकरी बंद होते. आणि तो बसू नये यासाठी जे लागते, ते पाणी, विश्रांती, माइक आणि पगारी रजा यांपैकी काहीच आम्हाला मिळत नाही.

खाडा म्हणजे काय?

ऊसतोडीचा हिशोब ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या गाव सोडतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात, फडावर राहायचे. ताप असो, पाळी असो, बाळंतपण असो, एक दिवस कोयता थांबला तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर दंडही लागतो. याला खाडा म्हणतात. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची देशभर चर्चा झाली. त्यामागच्या कारणांत हा खाडाही होता. बाईचे शरीर कामाच्या आड येते म्हणून ते शरीरच कापायचे, पण खाडा रद्द करायचा नाही!

आता तासिका तत्त्व बघा. तास घेतला तर पैसे. आजारी पडलात, पैसे नाहीत. परीक्षा लागल्या, दिवाळी आली, उन्हाळा लागला, पैसे नाहीत. बाळंतपण तर विचारूच नका. दरवर्षी नव्याने मुलाखत, नव्याने नेमणूक, आणि सत्र संपल्यावर कधीतरी एकदम मिळणारे मानधन. तोपर्यंत उसनवारी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर ठरवला. मला मिळणारा तासाचा दर हजाराच्या आत आहे आणि आठवड्याचे तास मोजून मापून दिले जातात.

मग घर कसे चालते? जास्त बोलून. सकाळी महाविद्यालय, दुपारी एका कनिष्ठ महाविद्यालयात दोन तास, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेचा खासगी क्लास. आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार कायम सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. मी तीसच्या वर तास बोलते. तासाचा दर जितका कमी, तितका घसा जास्त झिजवावा लागतो. ऊसतोडीतही हेच आहे. टनाचा दर कमी म्हणून जास्त टन तोडायचा, आणि जास्त टन तोडायचा म्हणून शरीर लवकर संपवायचे.

घशातले घट्टे

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझा आवाज बसला तो महिनाभर उठलाच नाही. सकाळी जरा बरा, दुसऱ्या तासाला घोगरा, चौथ्या तासाला नुसती हवा. बीडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पडद्यावर दाखवले. स्वरतंतूंच्या दोन्ही कडांवर, समोरासमोर, दोन बारीक गाठी. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. सतत घासून हाताला घट्टे पडतात ना, तशातलेच आहे हे." माय शेजारीच उभी होती. तिने आपला तळहात उलटा करून पाहिला. बोलली काही नाही.

हे घट्टे कसे पडतात ते समजून घ्या. बोलताना स्वरतंतू एकमेकांवर आपटत राहतात. पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, बाईचे साधारण दोनशे वेळा. एका तासात निम्मा वेळ जरी प्रत्यक्ष आवाज चालू धरला, तरी बाईच्या घशात साडेतीन लाखांहून जास्त आघात होतात. चार तासांत चौदा लाख. वर्गात गोंगाट असला की आपण नकळत आवाज चढवतो आणि प्रत्येक आघात आणखी जोराचा होतो. आमच्या वर्गखोलीवर पत्रे आहेत, डोक्यावर खडखडणारे पंखे आहेत, खिडकीबाहेर रस्ता आहे, आणि दोन तुकड्या एकत्र बसवल्यामुळे समोर शंभरावर विद्यार्थी आहेत. फळ्याची धूळ वेगळीच.

हा माझ्या एकटीच्या नाजूकपणाचा मामला नाही. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा या दोन राज्यांत शाळाशिक्षकांची आणि इतर लोकांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेले शिक्षक निघाले ५७.७ टक्के, इतर लोक २८.८ टक्के. म्हणजे दुप्पट. त्यातही बायकांना त्रास जास्त. ही तिथल्या शाळांची गोष्ट. आमच्या पत्र्याच्या खोल्यांत येऊन असा अभ्यास कोणी केला तर काय निघेल याचा अंदाज तुम्हीच करा.

अशा गाठी बहुतेक वेळा शस्त्रक्रियेविना बऱ्या होतात. उपचार साधा आहे. काही आठवडे शक्य तितके कमी बोलायचे आणि आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे नेमाने जायचे. पण कमी बोलायचे म्हणजे तास सोडायचे. तज्ज्ञाकडे जायचे म्हणजे माझ्यासाठी दर आठवड्याला औरंगाबादची खेप, जाऊन-येऊन अडीचशेवर किलोमीटर, एक दिवस आणि त्या दिवसाचे सगळे तास. उपचाराचा खर्च एकीकडे आणि उपचाराचा खाडा दुसरीकडे. खाडाच जास्त निघाला.

मी खासगी क्लास महिनाभर बंद ठेवला, त्यासाठी भिशीचे पैसे वापरले. महाविद्यालयातले तास सोडणे परवडणार नव्हते, म्हणून फळ्यावर लिहून आणि मुलांकडून वाचून घेऊन वर्ग चालवले. मागच्या बाकावरच्या काही मुलींनी त्या महिन्यात पहिल्यांदा वर्गात मोठ्याने वाचले. चांगलेच झाले. पण त्यासाठी माझा घसा जायला नको होता.

पाणी

डॉक्टरांनी पहिला सल्ला दिला, "दिवसभर पाणी पीत राहा." स्वरतंतूंवरचा ओलावा टिकला तर घर्षण कमी होते. आणि तासाच्या मध्ये घोटभर पाणी पिऊन भागत नाही, कारण प्यालेले पाणी थेट स्वरतंतूंवर जात नाही. शरीरात मुरून मगच तिथे ओलावा येतो. म्हणून सकाळपासून प्यावे लागते.

आता या सल्ल्याचे बाईच्या बाबतीत काय होते ते सांगते. पालीहून सकाळी निघायचे, तीन ठिकाणी शिकवायचे, रात्री परत. महाविद्यालयात बायकांचे स्वच्छतागृह आहे, कुलूपही आहे, किल्ली कार्यालयात आहे, आणि आत पाणी नाही. दुसऱ्या ठिकाणी दार लागत नाही. बसस्थानकाबद्दल लिहायलाच नको. म्हणून आम्ही बायका पाणी पीतच नाही. माझ्या ओळखीच्या प्रत्येक तासिकेवरच्या बाईला हा हिशोब पाठ आहे. सकाळी एक पेला, मग थेट घरी आल्यावर. मुतखडा परवडतो, लाज परवडत नाही. घसा कोरडा ठेवून सात तास बोलायचे, आणि मग घसा का बसला म्हणून विचारायचे!

पाणी आणि प्राध्यापक हा प्रश्न आपल्याला नवा नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबियात शिकून आलेला, लंडनमध्ये अभ्यास करून आलेला माणूस. पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी प्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. तासाला बोलून आलेल्या माणसाच्या घशाला पाणी नाकारले गेले. जो माणूस २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर गेला, त्याला पाणी नाकारणे म्हणजे काय हे स्टाफरूममध्येही कळलेले होते.

आज स्टाफरूममध्ये आरओचे यंत्र आहे. भांडे बाटवल्याचा आरोप उघडपणे कोणी करत नाही. आज पाणी नाकारण्याची पद्धत बदलली आहे. स्वच्छतागृहाची किल्ली कार्यालयात ठेवली की काम भागते.

उदात्त काम, म्हणून हक्क नाही

१९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात, सुंदरम्बल प्रकरणात, निर्णय दिला की शाळा हा 'उद्योग' असला तरी शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा 'कामगार' नाही. शिकवणे हे उदात्त कार्य आहे, ते कारखान्यातल्या कामासारखे मानता येणार नाही, असा त्यामागचा विचार. नोकरीवरून काढलेल्या त्या बाईंना त्या उदात्ततेचा काय उपयोग झाला असेल?

'उदात्त' हा शब्द आपण नीट तपासला पाहिजे. आपल्या पूर्वजांच्या गावकीच्या कामांनाही 'मान' म्हणत असत. मेलेले ढोर ओढण्याचा मान, निरोप पोहोचवण्याचा मान, वेशीवर पहारा देण्याचा मान. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते याच मानाच्या विरोधात. मोबदल्याचा हिशोब नसलेले काम म्हणजे गुलामी, मग तिला नाव काहीही द्या. तासिका तत्त्व हे उच्च शिक्षणातले नवे वतन आहे, असे मी म्हणते ते यासाठी.

आणि हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम त्यांच्याच खात्यात झाले. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भरपगारी रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. कामामुळे माणसाचे शरीर झिजते, आणि ती झीज भरून देणे ही काम करवून घेणाऱ्याची आणि सरकारची जबाबदारी आहे, हा त्यामागचा विचार. शिक्षकाचे शरीर या विचारातून वगळण्याचे काय कारण?

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती. खाणीतल्या धुळीने होणारा सिलिकोसिस त्यात होता. गोंगाटाने येणारे बहिरेपण त्यात होते. म्हणजे आवाज ऐकून कान गेला तर कायदा तो आजार मानतो, आवाज काढून घसा गेला तर मानत नाही. पोलंडसारख्या देशात वर्षानुवर्षे आवाजावर ताण पडून होणारे काही विकार व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत. तिथला शिक्षक काही कमी उदात्त नाही.

दुसरा आवाजही याच घशात आहे

मी माझ्या महाविद्यालयात वर्गासाठी माइक मागितला. उत्तर मिळाले, "मॅडम, तुम्हाला माइक कशाला? मोर्चात तर चांगल्या घोषणा देता." सगळे हसले. तासिकेवरचे इतर तिघेही हसले. ते का हसले हे मला माहीत आहे. जुलैमध्ये पुन्हा मुलाखत असते.

इथे घशाचा प्रश्न आणि चळवळीचा प्रश्न एकमेकांत मिसळतात. ज्याची नेमणूक दरवर्षी संपते तो माणूस बोलू शकत नाही. मानधन सहा महिने का आले नाही हे तो विचारू शकत नाही. स्टाफरूममध्ये जातीवरून टोमणा आला तर उत्तर देऊ शकत नाही. संविधान शिकवताना आजचे उदाहरण द्यायचे की नाही, याचा तो दोनदा विचार करतो. गाठी फक्त स्वरतंतूंवर येतात असे समजू नका.

यालाही इतिहास आहे. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू झाला तेव्हा बाबासाहेब सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक होते. म्हणून संपादक म्हणून त्यांचे नाव लागले नाही, पांडुरंग नंदराम भटकर यांचे लागले. मुक्यांचा नायक काढणाऱ्या प्राध्यापकाला नोकरीमुळे स्वतःच्या नावाने बोलता येत नव्हते. मार्चमध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. आपल्याला नोकरी सोडणे परवडत नाही. आपल्याकडे सोडण्यासारखी नोकरीच नाही!

आणि म्हणून कायम जागांचा प्रश्न हा नुसता पगाराचा प्रश्न नाही. जागा निघाली की बिंदुनामावली लागते, आरक्षण लागते. जागाच काढली नाही आणि तासांवर काम भागवले, तर आरक्षण कागदावर जिवंत राहते आणि वर्गात मरते. आरक्षणाला विरोध करण्याची आता गरजच उरलेली नाही. नुसते जाहिरात न काढता बसून राहिले तरी पुरते.

आमची महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत त्याच्या नावासाठी मराठवाड्यातली आपली माणसे सोळा वर्षे लढली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि वस्त्या पेटवल्या गेल्या, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. प्रवेशद्वारावर बाबासाहेबांचे नाव आले. दरवर्षी १४ जानेवारीला आपण त्या दारापाशी जमतो, आणि जमलेच पाहिजे. पण त्या दाराच्या आतल्या आणि त्याला जोडलेल्या महाविद्यालयांतल्या वर्गांत बाबासाहेबांच्या लेकी-लेकरांना कोणत्या अटीवर उभे केले जाते, हा प्रश्नही त्याच दिवशी, त्याच दारापाशी विचारला पाहिजे.

'हे तर चोचले'

मला माहीत आहे, काही कार्यकर्ते म्हणतील की लोक उन्हात राबतात, गटारात उतरून मरतात, आणि तुम्हाला घशाची पडली. हा आक्षेप मी मायकडून ऐकला असता तर मान खाली घातली असती. पण ती असे कधीच म्हणाली नाही, कारण कामाने शरीर झिजणे म्हणजे काय हे तिला कळते. झिजणाऱ्या शरीरांत भांडण लावणे हे मुकादमाचे काम आहे, आपले नाही. कोयत्याचा खाडा आणि तासाचा खाडा एकाच हिशोबातून येतात. काम हवे, काम करणाऱ्या माणसाची जबाबदारी नको.

दुसरा आक्षेप असा की पूर्वीचे शिक्षक कुठे तक्रार करत होते? पूर्वीच्या शिक्षकाला कायम पगार होता, रजा होती, मे महिना होता. आणि पूर्वी त्या जागी आपण नव्हतो. आपली पिढी जागेवर पोहोचली तेव्हाच जागा 'तास' झाली, हा योगायोग आहे असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल वाटून घ्यावे.

घसा कसा जपायचा

हक्क मिळेपर्यंत घसा टिकवायचाही आहे. डॉक्टरांकडून आणि आवाजाच्या व्यायामाच्या तज्ज्ञांकडून जे शिकले ते इथे देते. शिक्षकांना लागेल, आणि घोषणा देणाऱ्या, गाणाऱ्या, सभा घेणाऱ्या कार्यकर्त्यांनाही लागेल.

गोंगाटाच्या वर आवाज काढायचा नाही. थांबायचे, हात वर करायचा, वर्ग शांत झाला की बोलायचे. सारखा खाकरून घसा साफ करायचा नाही, त्याने स्वरतंतू जोरात आपटतात. घोटभर पाणी प्यायचे, नाहीतर आवंढा गिळायचा. आवाज बसला असताना कुजबुजून बोलायचे नाही. ताणून केलेली कुजबुजही घशाला थकवते, त्यापेक्षा हळू पण साध्या आवाजात बोलावे. सकाळी पहिल्या तासाआधी पाच मिनिटे ओठ मिटून गुणगुणायचे, किंवा बारीक स्ट्रॉ तोंडात धरून तिच्यातून 'ऊ' काढायचा. हसू येईल, पण उपयोग होतो. रात्री उशिरा तिखट जेवून लगेच आडवे होऊ नये, पोटातले आम्ल वर येऊन घसा जाळते. तंबाखू, गुटखा, बिडी यांचे काय करायचे ते सांगायला नको. कमरेला लावायचा छोटा स्पीकर दीड-दोन हजारांत मिळतो. तो महाविद्यालयाने द्यायला हवा, पण वाट बघत घसा घालवू नका. चार जणांत एक घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे, तीन आठवड्यांहून जास्त आवाज घोगरा राहिला तर घसादुखीच्या गोळ्या खात बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दर वेळी ती गाठच असते असे नाही. घशाच्या कर्करोगाची सुरुवातही अशीच होऊ शकते, आणि लवकर कळला तर तो बरा होतो.

१६ एप्रिल हा जागतिक आवाज दिन असतो. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये हा दिवस सुरू केला. आपल्या जयंतीनंतर दोनच दिवसांनी! १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीपुढे घोषणा देऊन आपल्या निम्म्या कार्यकर्त्यांचा आवाज १६ तारखेला गेलेलाच असतो. प्रत्येक गावातल्या जयंती समितीने डीजेचे एका वर्षाचे पैसे वाचवून गावातल्या शाळेच्या वर्गाला माइक आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला पाण्याची टाकी दिली, तर ती बाबासाहेबांची जयंतीच ठरेल. पालीत या वर्षी हा विषय मी बैठकीत मांडणार आहे. विरोध होईल, तोही ऐकायची तयारी आहे.

आपल्या मागण्या

१. विद्यापीठ आणि महाविद्यालयांतल्या सर्व मंजूर रिक्त जागा बिंदुनामावलीनुसार कायमस्वरूपी भरा.

२. तोपर्यंत तासिकेवरच्या शिक्षकाला आयोगाने २०१९ मध्ये ठरवलेला दर द्या, आणि तो महिन्याच्या महिन्याला द्या.

३. तासिकेवरच्या शिक्षकांना पगारी आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा आणि आरोग्यविमा लागू करा.

४. साठच्या वर विद्यार्थी असलेल्या प्रत्येक वर्गात माइक द्या. बायकांसाठी पाणी असलेले, दार लागणारे, किल्ली नसलेले स्वच्छतागृह द्या. या गोष्टी नसतील तर संलग्नीकरणाच्या वेळी महाविद्यालयाला जाब विचारा.

५. शिक्षकांच्या आवाजाच्या विकारांना व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घ्या.

या मागण्या घेऊन प्रत्येक तालुक्यात तासिकेवरच्या शिक्षकांची यादी करायला घ्या. नाव उघड करायची भीती असेल तर एकाने सर्वांच्या वतीने बोलावे, जसे भटकरांचे नाव लागले होते. ज्यांची नोकरी कायम आहे अशा आपल्या ज्येष्ठ प्राध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. सर, मॅडम, तुमच्या घशाला कोणी खाडा लावू शकत नाही. जुलैची मुलाखत तुम्हाला द्यायची नाही. तेव्हा आधी तुम्ही बोला.

जय भीम! जय संविधान!